धाकटीला कधी थांबवायचं

उलटं घातलंय तुम्ही ते — जाकीट हो. 'सोबती' अक्षरं पाठीवर यायला पाहिजेत, म्हणजे पंचांना लांबून दिसतं. नाही नाही, त्यात लाजायचं काय, पहिल्या वेळी सगळ्यांचं होतं, मी तर पहिल्या वर्षी बंदसुद्धा मागे बांधून घेतले आणि मग दिवसभर ते सोडवायला माणूस शोधत फिरले. द्या इकडे, धरते मी. हां. आता कसं. घाई नका करू, अजून वजनं चाललीयत, रक्तदाब चाललाय, रांग ही एवढी आहे — म्हाताऱ्यांची रांग लवकर सरत नाही, प्रत्येकाला डॉक्टरांना आपली एक जुनी गोष्ट सांगायची असते. तुमची ती निळी टोपीवाली ना? माहीत आहे मला. नावं नोंदवायच्या टेबलावरची बाई तुम्हाला सांगत होती तेव्हा मी इथेच होते, याच बाकावर. म्हणाली, ह्यांना घरचं कोणी नाही सोबतीला, तर तुम्ही घ्या ह्यांना. घरचं कोणी नाही — असं तिनेच सांगितलंय म्हणे. बरं. तिने सांगितलं म्हणजे तसंच असेल. मी तिची थोरली जाऊ.

हो, सख्खी. म्हणजे जावा जेवढ्या सख्ख्या असतात तेवढी. ती धाकटी, मी थोरली — सत्तरी ओलांडली तरी ती धाकटीच, एकदा चिकटलं की चिकटलं. नका उठू हो, मी काही भांडायला नाही आले. या बाजूला बाहेरच्या माणसांना बसू देत नाहीत, तिकडे समोर मांडवात बसायचं असतं, पण म्हाताऱ्या बाईला बाकावरून कोण उठवतंय. तुम्ही शाळेत खेळ शिकवता ना? ऐकलं मघाशी. मग पडणं, मुरगळणं, खरचटणं हे तुम्हाला नवीन नाही, त्यातलं मी काही सांगणार नाही, उगाच शहाणपण कशाला. पण पोरांचं आणि आमचं एक वेगळं असतं बघा. पोर पडलं की भोकाड पसरतं, कुठे लागलं ते सगळ्या मैदानाला कळतं. आमच्यातलं कोणी पडलं की आधी इकडेतिकडे बघतं, कोणी पाहिलं तर नाही ना — मग कपडे झटकतं आणि म्हणतं, काही नाही, चप्पल सरकली. पाय मोडला तरी आमची चप्पलच सरकते. दुखणं अंगावर काढायचं हे आम्हाला कोणी शिकवलं कुणास ठाऊक, पण पक्कं शिकवलंय. म्हणून तर हा सोबत्याचा नियम. तो सांगितला ना नीट तुम्हाला? सत्तरीच्या पुढे सोबती नाही तर चालायची शर्यत नाही. आणि सोबत्याने 'बसा' म्हटलं की जिथे असेल तिथे बसायचं, का म्हणून विचारायचं नाही, पंचसुद्धा मध्ये पडत नाहीत. ह्या डॉक्टरांनीच काढला तो नियम. हुशार माणूस. पहिल्या वर्षी आम्हाला सगळ्यांना बसवून म्हणाले, मला तुमचा आजचा आकडा दिसतो, रोजचं माणूस दिसत नाही. रोजचं ज्याला माहीत आहे त्यालाच आजचं वेगळं कळणार. मला ते फार पटलं होतं. आणि तुम्हाला तर ती आज सकाळी पहिल्यांदा दिसली. म्हणून म्हटलं, सांगावं. दुसरं काही नाही.

पाण्याचं आधी सांगते. ती तुम्हाला म्हणेल, प्याले. नाही प्यालेली. काल दुपारनंतर घसा ओला केला नसेल तिने. का म्हणजे? — तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला काय सांगायचं. इथले संडास बघितलेत? तिकडे पार टोकाला, पायऱ्या चढून जायचं, आणि त्यातून उकिडवं बसायचे. आमचे गुडघे एकदा बसले की उठायचं नाव घेत नाहीत. मग बायका काय करतात, आदल्या दिवसापासून पाणीच बंद. निम्म्या बायका इथे अशा कोरड्या येतात, उन्हात चालायला उभ्या राहतात, आणि चक्कर आली की म्हणतात ऊन बाधलं. ऊन बिचारं काय करणार, तुम्हीच सुकून गेलात त्याच्या दारात. त्यात आमची धाकटी म्हणजे सगळ्यांची गुरू. बाटली भरून घ्यायची, चारचौघांना दिसेल अशी कमरेला लावायची, आणि त्या कोपऱ्यातल्या झाडामागे जाऊन बुंध्याशी ओतून यायची. मग रिकामी बाटली मला दाखवायची, बघ, संपली. मी फसले की दोन वर्षं. मग एकदा म्हटलं, अगं, अख्ख्या मैदानात हे एकच झाड असं तरारलंय ते कसं काय — तेव्हा हसली, आणि हसताना पकडली गेली. त्यानंतर माझ्यासमोर उभं राहून प्यायची, एकेक घोट, डोळे वटारून. तुम्हीही समोर उभं राहूनच पाजा. जीभ दाखवा म्हणा — कुरकुर करेल पण दाखवेल, जीभ ओली पाहिजे. आणि हे सांगा तिला, डॉक्टरांच्या तंबूमागे यंदा खुर्चीचा संडास ठेवलाय, एकही पायरी नाही, धरायला दांडीसुद्धा आहे. मी सकाळीच बघून आले, आत बसून बघितलं. तेवढं कळलं तर पिईल ती. फक्त मी सांगितलं म्हणून सांगू नका.

बूट कुठले घातलेत तिने, पांढरे का? लेकीने पाठवलेले. शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नयेत, फोड येतात, फोड आला की माणूस पाय वाकडा टाकतं आणि मग गुडघा जातो — पण हे मुरलेत, पंधरवडाभर घरात घालून फिरतेय. मला ऐकू येतं ना. ती वर राहते, मी खाली, माझ्या डोक्यावरच सगळं. आधी दोन दिवस कुरकुर वाजत होते, मग थांबले. रक्तदाबाची गोळीही घेतलीय आज, ती काळजी नको. नाही हो, विचारायला कशी जाऊ, बोलणं नाही आमचं — गोळ्यांची डबी खिडकीत ठेवते ती, पत्र्याच्या झाकणाची, उघडली की टण्णकन वाजते. वाजली सकाळी. कधी कधी दुपारपर्यंत वाजत नाही, मग मला काही सुचत नाही. जेवण समोर घेऊन बसते आणि वर कान. मग वाजते. मग जेवते.

हो. बोलणं नाही. वर्ष होईल आता. तेच सांगते, कारण ते तुम्हाला कळलंच पाहिजे, म्हणजे आमचं भांडण नाही, ते गेलं चुलीत — तिचं लक्षण. बघा, ही बाई बरी असते तेव्हा कुरकुर करते. उन्हाला नावं ठेवेल, पंचाला ठेवेल, पुढे कोणी चालत असेल तर तिच्या चालण्याला ठेवेल, आणि पुढे कोणी नसेल तर मला. प्रत्येक फेरीला वळणावर आली की काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटत येणार — बाटली गरम आहे, रुमाल घाण आहे, तू बावळटासारखी काय उभी आहेस. हे ऐकलं की समजायचं, गाडी रुळावर आहे. घरातही तसंच. आम्ही दोघी एका घरात म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, सासूबाई होत्या तोवर त्या मधे होत्या, मग आमचे नवरे मधे होते, दोघे भाऊ जेवताना एकमेकांकडे बघून गालात हसायचे. मग तेही गेले, एकामागोमाग एक. म्हटलं आता आम्ही एकमेकींना खाणार. तर झालं उलटंच. एक दिवस ती खाली आली आणि म्हणाली, मला घरात बसवत नाही, चालायला येतेस का. अशी सुरुवात. लोक म्हणायचे जावा-जावा मैदानावर, कलियुग आलं. आम्ही ट्रॅकपँट घालून पहिल्यांदा रस्त्यावर निघालो तेव्हा ती माझ्या मागे लपत होती आणि मी तिच्या. पुढे कोणी व्हायचं यावरच अर्धा तास गेला. मग तिला चालण्याचं वेडच लागलं. मी आपली यथातथा, पण ती — तिची टाच बघा तुम्ही, कशी पडते ती, शिक्का मारल्यासारखी.

तर मागच्या वर्षी. ऊन असंच होतं, कदाचित जास्त. एक पान हलत नव्हतं. माझी शर्यत आधी झाली होती, तेव्हा ती माझी सोबती, मग मी तिची. असंच चालायचं आमचं, एकीचं झालं की जाकीट दुसरीच्या अंगावर. आणि ती पुढे होती हो. सगळ्यांच्या पुढे, अर्धी फेरी पुढे. तिला आयुष्यात पहिला नंबर कधी मिळाला नाही — शाळा तिची अर्ध्यातून सुटली, चार बहिणींत ती तिसरी, सासरी आली तर तिथेही धाकटी. पहिलं कुठे यायचं तिने? आणि त्या दिवशी पुढे होती. शेवटच्या फेरीला वळणावर आली, मी बाटली पुढे केली, आणि ती हसली. गोड हसली. म्हणाली, ताई, किती छान वारा सुटलाय ना.

ताई म्हणाली मला. आणि वारा. कपाळ बघितलं तर कोरडं, घामाचं नाव नाही, तोंड लाल. पाय पडत होते, बरोबर पडत होते, लांबून कोणाला काही कळलं नसतं — पंच खूश, मांडवातले लोक टाळ्या वाजवतायत. आणि मी म्हटलं, बस. तिला कळलंच नाही. परत म्हटलं, मोठ्याने, बस खाली धाकटे. बसली. नियमच तो. मग धावपळ, सावलीत नेलं, काखेत बर्फ, ओल्या चादरी, मीठ-साखरेचं पाणी, पंखा — हे सगळं लगेच झालं, इथली माणसं चांगली आहेत, वेळ घालवत नाहीत. डॉक्टर दुसरीकडे कोणाचा खांदा बसवत होते, ते येईपर्यंत ही उठून बसलेली. त्यांनी नाडी बघितली, ताप बघितला, म्हणाले, आत्ता तर सगळं ठीक दिसतंय. तेवढ्यात तिकडे दुसऱ्याच बाईचं नाव पुकारलं, पहिली म्हणून.

आता तुम्ही सांगा, ह्यातून काय घ्यायचं? मी धरून बसलेय 'आत्ता तर'. ती धरून बसलीय 'ठीक'. तिचं म्हणणं, मला काहीही झालं नव्हतं, तू मला बसवलंस. माझं म्हणणं, बसवलं म्हणून काही झालं नाही. हे सिद्ध कसं करणार? जे झालंच नाही ते आणून कसं दाखवणार? ती पडली असती तर जगाने मला विचारलं असतं, तू कुठे होतीस. नाही पडली, तर तीच विचारते, तू का आलीस मधे. रिक्षाने घरी आलो. जिन्याशी आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, माझा पहिला नंबर तुला बघवला नाही. आणि वर गेली. बस. मला वाटलं दोन दिवस फुगेल, मग कुरकुरत खाली येईल, साखर दे म्हणेल. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काय खोटं आहे. आली नाही. मीही गेले नाही. मी का जाऊ? मी काय चुकीचं केलं? — नाही, गेले होते एकदा. एका सकाळी वरून काहीच आवाज येईना, नळ नाही, खुर्ची नाही, डबी नाही. मी जिना चढून गेले, दाराशी उभी राहिले, कडी वाजवली. तिने दार उघडलं, तोंडात दात घासायचा ब्रश, तोंडभर फेस. माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. मी खाली आले. बरं वाटलं. खरंच सांगते, बरंच वाटलं, फेसासकट धडधाकट होती.

मी? मी नाही चालत आता. कशी चालणार, सोबती कोण? मुलगा लांब, रविवारी फोन करतो, आई बरी आहेस ना विचारतो, मी म्हणते बरी आहे, तो म्हणतो बरं. त्याचा दोष नाही, फोनवर जीभ दिसत नाही. टेबलावरची बाई म्हणाली मघाशी, आजी, तुम्हालाही देतो आम्ही सोबती, आमच्याकडे माणसं आहेत. म्हटलं नको. तो सोबती मला विचारणार, बरं वाटतंय ना, मी म्हणणार हो. त्याला कसं कळणार मी खोटं बोलतेय ते. मी खोटं बोलताना डोक्यावरचे केस सारखे करते — हे आता जगात कोणाला माहीत आहे? एकीला. असो. माझं काय घेऊन बसलात.

तसं पडलेच होते मी मधे. काही नाही हो, बाथरूममध्ये, फरशी ओली होती. चप्पल सरकली. — हसा, हसा, मीच सांगितलं ना मघाशी. लागलं नाही फारसं, कंबर जरा. पण लगेच उठता येईना. पडून राहिले. हाक मारावीशी वाटली आणि मारली नाही. कशी मारू, काय म्हणून मारू? आणि वर ती चालत होती, तेच नवे बूट, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी पडले त्याचा आवाज झाला असणार, धपकन झाला — बूट थांबले. बरोबर माझ्या डोक्यावर थांबले. मी खालून छताकडे बघत पडलेली. म्हटलं आता येईल. नाही आली. किती वेळ थांबले ते बूट, हलतच नव्हते, मी पण हलले नाही. मग म्हटलं पुरे झालं, नळाला धरून उठले कशीबशी, आणि बादली आपटली जोरात. कळू दे तिला, म्हटलं, मी उठलेय, तुझ्यावाचून अडलं नाही माझं. तेव्हा गेले बूट. बादली वाजल्यावर गेले. तेवढा वेळ नुसती उभी राहिली बघा, पण जिना उतरली नाही. असा पीळ.

काय? — नाही हो. काळजी कसली, तुम्ही तिला ओळखत नाही. ऐकत असेल मजा.

ते सोडा. कामाचं बोलू. तुम्ही वळणावर उभ्या राहणार ना, त्या लाल खुंटापाशीच राहा, तिथे ती वेग कमी करते, तोंड समोर येतं. कुरकुर ऐकू आली की जाऊ द्या. शिवी दिली तर फारच छान. गप्प आली तर पुढच्या फेरीला काहीतरी चिडवा — वेणी सुटलीय म्हणा, मागची बाई जवळ आलीय म्हणा. फटकन उत्तर आलं तर ठीक. आणि गोड बोलली, आभार मानले, वारा-बिरा, फुलं-बिलं काही म्हणाली, तर दुसऱ्या कोणाकडे बघू नका, डॉक्टरांना विचारायला धावू नका, पुढे असो की मागे असो, शेवटची रेघ चार पावलांवर असो — बसा म्हणा. मोठ्याने म्हणा, पहिल्यांदा तिला ऐकू जात नाही. चिडेल तुमच्यावर. चिडू दे. तुम्ही संध्याकाळी आपल्या घरी जाल, तुमच्या डोक्यावर काही ती राहत नाही. आणि नीट पोचली रेघेपर्यंत तर लगेच खाली बसू देऊ नका हं, हळूहळू चालवा, मग सावली, मग कोरडा सदरा — पिशवीत ठेवलेला असेल, पण तो घालायला विसरते, ओल्या अंगाने बक्षिसं बघत उभी राहते आणि मग आठवडाभर खोकते. मला झोप लागत नाही त्या खोकल्याने.

आणि एक सांगू का — तुम्ही जर आज तिला बसवलंत ना, तुम्ही, परक्या बाईने, जिला तिचा हेवा वाटायचं काही कारण नाही, तर मग तिला कळेल. मग तिला वाटेल की थोरलीने तेव्हा — मग कदाचित संध्याकाळी जिन्याशी —

छे. हे काय बोलून गेले मी. पुसून टाका ते. ऐका बाई, माझ्याकडे बघा. काही होऊ नये तिला. वर्षभर मी मनातल्या मनात हेच मागत आले की काय, की तिला एकदा असं व्हावं आणि मी खरी ठरावी? नाही. नाही मागितलं. मागितलं असेल तर आत्ता परत घेते. तिने चालावं, शिव्या देत चालावं, पहिलं यावं, ती बक्षिसाची ढाल काखेत मारून माझ्या दारावरून मुद्दाम पाय आपटत वर जावं. मग मी खोटी ठरले तर ठरले. मग तर ती जन्मात बोलणार नाही माझ्याशी, कारण मग झालंच ना, मागच्या वर्षीही पोचलीच असती, थोरलीनेच घात केला. चालेल. मी ऐकत बसेन खालून. पण तुम्ही बघा हो तिच्याकडे नीट. मांडवातून मला काही दिसत नाही, मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत, नुसते रंग हलताना दिसतात. एवढ्यासाठी तर तुम्हाला गाठलं.

थांबा. सुटली रांगेतून. निळं दिसलं मला. तोंड दिसत नाही, पण चाल कळते, चाल मला अंधारातही कळेल. बघा, टाच आधी. डावा खांदा जरा पुढे, तो तसाच असतो, त्याला घाबरू नका. कोपर अंगाशी. आणि हात उडवून कोणाला तरी झापतेय, हो ना? वजनवाल्या मुलीला असेल, काटा खोटा आहे म्हणत असेल. छान. आज ठीक आहे ती. हे असं डोळ्यांत भरून घ्या, हे तिचं रोजचं, यापेक्षा जराही वेगळं दिसलं की समजा. उठा आता, पुढे व्हा, तिला शोधायला लावू नका, उन्हात उभी राहील. माझं नाव काढू नका. विचारलंच, कोणाशी बोलत होता, तर सांगा, होती कोणी म्हातारी, संडास कुठे म्हणून विचारत होती. जा.

काय झालं? थांबली का ती? — इकडे बघतेय?

तुमच्याकडे बघत असेल हो. तिच्या सोबती तुम्ही आहात. जा.